पुणे ते मुंबई व्हाया मांडवा: आमचा द्राविडी प्राणायाम

सुपारीफूल | मंगळ, दुपारी ३.१०

आधीच सांगते, पुण्याहून मुंबईला लवकर कसं पोचावं ही माहिती या धाग्यात नाही. त्यासाठी डेक्कन क्वीन आहे, १९३० पासून आहे, सकाळी सव्वासातला बसा, कटलेट खा आणि सीएसएमटीला उतरा. आम्ही कोथरूडहून गाडीने अलिबागजवळच्या मांडव्याला गेलो आणि तिथून गाडीसकट बोटीत बसून मुंबईला. शनिवारी गेलो, रविवारी तसेच परत आलो.

निमित्त लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं. लेक बंगळूरला, ती फोनवर म्हणाली दोघं कुठेतरी जाऊन या. ह्यांनी लगेच महाबळेश्वर काढलं. पंचवीस वर्षांत आमचं नऊ वेळा महाबळेश्वर झालंय, तिथल्या माकडांनाही आता आमची नावं माहीत असतील. मी म्हटलं, मला बोटीने जायचंय. तर म्हणे, "बोटीने कुठे, खडकवासल्याला?"

बोटीचं खूळ आईमुळे. आई गिरगावातली आणि तिचं आजोळ रेवसच्या बाजूचं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जायचे. पत्र्याची ट्रंक, दशम्यांचं गाठोडं, लाँच लागू नये म्हणून तोंडात आवळासुपारी, हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलंय की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं. आजीची एक गंमत आई नेहमी सांगते, की आत सावलीत बाकावर जागा असली तरी आजी मुलांना घेऊन बाहेर डेकवर उन्हात बसायची आणि पदराच्या टोकाची आईच्या फ्रॉकच्या पट्ट्याला गाठ मारून ठेवायची, अगदी रेवस येईपर्यंत. आई म्हणते, उतरताना नेमकी ती गाठ सुटायची नाही आणि मागचे लोक वैतागायचे.

मी मात्र पक्की पुण्याची. माझी मुंबई म्हणजे दादरला उतरा, लग्नाच्या हॉलवर जा, जेवा आणि परतीची गाडी पकडा.

तर साडेचारला निघालो. एक्स्प्रेसवेने खोपोलीला बाहेर पडलो, मग पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. वडखळच्या नाक्यावर पहाटेसुद्धा ट्रेलर आडवे होतेच. पोयनाडच्या पुढे "पोपटी मिळेल" असे बोर्ड दिसत होते पण सकाळी सातला कोण पोपटी देतंय. अलिबागच्या अलीकडेच चोंढीकडे वळलो. मांडव्याला पोचलो तेव्हा आमच्या फेरीला अजून तास होता, ह्यांनी तेवढ्यात दोनदा चहा आणि एकदा अॅव्होमिन घेतली.

गाड्या रांगेत लावून ठेवायच्या. बोट आली की तिचा मोठा पत्र्याचा दरवाजा धाडकन जेट्टीवर पडतो, आतल्या गाड्या बाहेर येतात आणि मग आपल्या आत. नारिंगी जाकीटवाला एक पोरगा होता, विशीतला असेल, तो हाताच्या बोटांनी गाडी बोलावत होता. "या, या, या, आरसा मिटा काका, अजून या, बास." शेजारच्या गाडीत आणि आमच्यात माझी पर्स जेमतेम मावेल एवढीच जागा! हे पंचवीस वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांची जागा अडवून गाडी लावतात, त्या पोराने ह्यांना दोन मिनिटांत सरळ केलं. मग हँडब्रेक ओढून, आडवं होऊन कसंबसं बाहेर पडलो आणि लोखंडी जिन्याने वर गेलो.

वर गेल्यावर वारा. पुण्यात वारा म्हणजे फार तर पर्वतीवर संध्याकाळी. इथे माझी ओढणी एका गुजराती कुटुंबाच्या ढोकळ्याच्या डब्यावर जाऊन पडली. बोट सुटली की सीगल मागे लागतात, लोक त्यांना वेफर्स दाखवतात आणि ते हवेतल्या हवेत झडप घालतात (घालू नका हो त्यांना ते तळलेलं, पण कोण ऐकतंय). पहिली पंधरा मिनिटं नुसतं पाणी आणि धुरकट क्षितिज, मला तर वाटलं एवढ्यासाठी साडेचारला उठले का.

आणि तेवढ्यात खालून गाडीचा अलार्म वाजायला लागला.

प्वांप्वांप्वांप्वां. थांबला. परत सुरू. इंजिनाच्या थरथरीने होतं म्हणे. मग माईकवर आवाज, "एमएच बारा गाडीचा अलार्म वाजतोय, मालकांनी काउंटरपाशी यावं." पुढचा नंबर नीट ऐकू आला नाही पण एमएच बारा एवढं सगळ्यांनी ऐकलं आणि अख्ख्या डेकवर एक प्रकारचं समाधान पसरलं. मागून कोणीतरी म्हणालं सुद्धा, "पुण्याचीच असणार." ह्यांनी खिशात किल्ली दाबून पाहिली, वरून रेंज पोचेना. शेवटी उठले. पंचवीस वर्षांत मी ह्यांना इतकं खाली मान घालून चालताना फक्त आमच्या लग्नात पाहिलं होतं.

हे खाली गेलेले असतानाच डाव्या हाताला मुंबई आली. "आली" हाच शब्द. आधी धुक्यात काड्यापेट्या उभ्या केल्यासारखं काहीतरी, मग कुलाब्याचे टॉवर, मग ताजचा घुमट आणि त्याच्या पायाशी गेटवे, अंगठ्याच्या नखाएवढं. आयुष्यभर आपण गेटवेला उभे राहून समुद्र बघतो ना, म्हणजे तिची पाठ बघतो. ती कमान बांधलीय समुद्राकडे तोंड करून, बोटीतून येणाऱ्यासाठी. हे मला चव्वेचाळीस सेल्फींमध्ये कधी कळलं नव्हतं. उजवीकडे नांगरलेली जहाजं, न्हावाशेव्याच्या क्रेन जिराफांसारख्या माना वर करून, आणि समोर लांबवर अटल सेतू, पाण्यावर शिवणीचा टाका घातल्यासारखा. हे वर आले तोवर गेटवे मागे गेलं होतं. म्हणाले, "काय चुकलं?" मी म्हटलं, "काही नाही, मुंबई."

तासाभरात भाऊचा धक्का. दार पडलं आणि पहिला आला तो माशांचा वास. आईला व्हिडिओ कॉल लावला, तर म्हणाली "वास येतोय का?" मी म्हटलं, येतोय. "मग बरोबर आहेस."

मुंबईतलं भराभर सांगते. फोर्टातलं हॉटेल, नाव घेत नाही, साइटवर "पार्किंग उपलब्ध" लिहिलेलं होतं. ते पार्किंग म्हणजे समोरचा रस्ता. हे रात्री दोनदा उठून खिडकीतून गाडी आहे का बघत होते. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे तीन तास कमी पडले. मग धोबी तलावला इराण्याकडे बनमस्का आणि मावा केक, रात्री मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर नुसते बसून राहिलो. बोललो काय तर लेकीचं लग्न, ह्यांचा गुडघा आणि सोसायटीची लिफ्ट. पण समुद्रासमोर बोललो.

रविवारी दुपारच्या फेरीने परत, अलिबागला कुलाबा किल्ला बघायचा म्हणून तीनच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचलो तर किल्ल्याच्या भोवती भरलेलं पाणी. चालत जाणारे लोक सकाळीच जाऊन आले होते. हात हलवत परत. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतल्या, रात्री साडेनऊला घरी.

फोटो नंतर टाकते, ह्यांच्या मोबाईलमध्ये आहेत आणि त्यात निम्मे गाडीचे आहेत.

पेठेतला_बंडू | मंगळ, दुपारी ३.४२

म्हणजे तीन तासांच्या वाटेला सहा तास घालवले, वर बोटीला गाडीचं वेगळं भाडं दिलं आणि अलार्म वाजवून पुण्याचं नाव मुंबईच्या बंदरात रोवून आलात. याला द्राविडी प्राणायाम नाही, कपालभाती म्हणतात.

हलके घ्या. लिहिलंय झकास.

घाटावरची | मंगळ, दुपारी ३.५५

"पंचवीस वर्षांत इतकं खाली मान घालून" ला फुटले. ऑफिसात आहे, लोक बघतायत.

एक विचारायचं होतं, आम्हाला पण जायचंय, पावसाळ्यात चालू असते का ही? आणि साबा (सासूबाई) सोबत असतील, त्यांना तो जिना झेपेल का?

डबल_कटिंग | मंगळ, सायं ५.१८

पुणेकर मुंबईत गाडी आणतात इथेच सगळं चुकतं. तुम्ही मांडव्यालाच पे-पार्किंगला गाडी लावायची आणि माणसांची बोट पकडायची. ती थेट गेटवेला सोडते, तुम्ही म्हणता ते तोंड समोरून बघायला मिळतं, नखाएवढं नाही, पूर्ण. पायऱ्या चढून वर आलात की समोर ताज. रो-रो, म्हणजे तुमची गाड्यांची बोट, भाऊच्या धक्क्याला जाते म्हणून तुम्हाला लांबून बघावं लागलं.

मग फोर्ट-कुलाब्यात गाडी लागतेच कशाला? सीएसएमटीहून ११५ नंबरची डबल डेकर पकडा, एसी, इलेक्ट्रिक, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर राजा. आणि आता भुयारी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण चालू झालीय, सिद्धिविनायकाला जायचं असलं तरी टॅक्सी नको.

@घाटावरची, गेटवे-मांडवा माणसांच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, जूनच्या आसपास बंद होतात ते साधारण सप्टेंबर उजाडेपर्यंत. रो-रो मोठी आहे, ती पावसातही चालते पण समुद्र खवळला की फेरी रद्द. आदल्या दिवशी फोन करून विचारा, निघून मग विचारू नका.

सुपारीफूल | मंगळ, सायं ५.४०

@घाटावरची, जिना खडा आहे पण कठडा आहे दोन्हीकडून, आमच्या पुढे एक सत्तरीच्या आजी चढल्या. आणि गाड्यांमधून बाहेर पडायला जागा नसते, साबांना गाडी आत घालायच्या आधीच उतरवून घे.

@डबल_कटिंग, गाडी मांडव्याला ठेवायची हे मी सुचवलं होतं. ह्यांचं म्हणणं, "गाडीला बोटीत बसवायचं हीच तर मजा आहे." गाडीला पण मजा आली बहुतेक, ओरडली म्हणून तर.

टिपकागद | मंगळ, रात्री ८.०५

छान धागा. काही भर, चुका काढत नाहीये, आधीच सांगतो, नाहीतर मागच्या वेळेसारखं होईल.

१. ताज आणि गेटवे शेजारीशेजारी असल्यामुळे लोकांना गेटवे जुनं वाटतं. ताज १९०३ सालचं आहे. गेटवे पूर्ण होऊन खुलं झालं ते १९२४ च्या डिसेंबरात. म्हणजे हॉटेल एकवीस वर्षांनी थोरलं. त्याहून गंमत म्हणजे ज्या पंचम जॉर्जच्या आगमनाची आठवण म्हणून ती कमान आहे, तो आला १९११ ला आणि पायाभरणी झाली १९१३ ला. पाहुणे येऊन, जेवून, परत गेले आणि मग आपण तोरण बांधायला घेतलं.

२. शेवटची ब्रिटिश तुकडी त्याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ ला बोटीवर चढली. त्यामुळे ती कमान जाणाऱ्यांच्याही उपयोगी पडली असं म्हणता येईल.

३. तुम्ही ज्या संग्रहालयात तीन तास घालवले त्या इमारतीचा आणि गेटवेचा वास्तुकार एकच, जॉर्ज विटेट. संग्रहालयाची पायाभरणी १९०५ मध्ये करणारा युवराज म्हणजे हाच पुढचा पंचम जॉर्ज.

४. भाऊचा धक्का ज्यांच्या नावाने आहे ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. मूळ धक्का दुसरीकडे होता, आत्ताचा नंतरचा.

५. अलिबागला किल्ला चुकला तरी तिथल्या चुंबकीय वेधशाळेवरून गेला असाल. ती आधी कुलाब्याला होती (मुंबईच्या). मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर यंत्रांची सुई हलेल म्हणून १९०४ ला अलिबागला हलवली. म्हणजे मुंबईच्या गजबजाटाला कंटाळून अलिबागला येण्याचा पहिला मान एका होकायंत्राचा.

पेठेतला_बंडू | मंगळ, रात्री ८.११

पाच मुद्दे आले म्हणजे टिपकागद आज खूश आहेत. सातच्या वर गेले की भांडण असतं.

हिशोबनीस | मंगळ, रात्री ९.३०

खर्च किती आला ते कोणी विचारतच नाहीये. बोटीचं भाडं, टोल, पेट्रोल, हॉटेल, जेवण. आकडा टाका म्हणजे आम्हाला ठरवता येईल.

सुपारीफूल | मंगळ, रात्री ९.५२

आकडे ह्यांच्या डायरीत आहेत. टोलच्या पावत्यासुद्धा चिकटवल्यात. गाडीचं भाडं गाडीच्या आकारावर असतं आणि माणसांचं बसण्याच्या वर्गावर, साइटवर आजचा दर दिसतो तोच बघा. ढोबळ सांगायचं तर डेक्कन क्वीनच्या दोन तिकिटांशी तुलना करू नका, त्रास होईल.

रेवसकर | मंगळ, रात्री ११.२६

सहसा वाचनमात्र असतो. आज लिहावंसं वाटलं.

आधी सोपं ते सांगतो. किल्ला चुकला कारण तुम्ही तिथी बघितली नाहीत. आमच्याकडे शाळेत जायच्या आधी हे शिकवतात: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येतो त्या वाजता भरती पूर्ण. तुम्ही गेलात त्या रविवारी पंचमी होती. पाचाचे पाऊणपट पावणेचार. तुम्ही तीनला पोचलात म्हणजे समुद्र जवळपास भरलेला. भरतीच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला गेला असतात तर चप्पल हातात घेऊन चालत. अष्टमी असती तर भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, पण अंदाज येतो.

आता दुसरं. तुमच्या आजी डेकवर का बसायच्या ते तुमच्या आईंना माहीत आहे का?

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी "रामदास" बोट सुटली, रेवससाठी. आषाढातली अमावास्या तोंडावर, लोक सणाला गावी निघालेले, बोट भरलेली. रेवस तास-दीड तासाच्या वाटेवर. काश्याच्या खडकाजवळ पावसात मोठी लाट बसली, लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईला संध्याकाळपर्यंत धड पत्ताही नव्हता. आमच्या गावचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते, त्यांनी ती मासळी समुद्रात टाकून दिली आणि बोटीत माणसं भरली. जी वाचली त्यातली बरीच त्यांच्यामुळे.

स्वातंत्र्याला महिना उरला होता, त्यामुळे ती बातमी पुढे मागे पडली. आमच्याकडे नाही पडली. माझी आजी सांगायची, जे आत होते ते आतच राहिले. त्यानंतर आमच्या भागातल्या बायका पोरांना घेऊन आत बसत नसत.

तुमच्या आजीची गाठ वाचली आणि राहवलं नाही.

घाटावरची | मंगळ, रात्री ११.४८

बाप रे. दुपारपासून हसत होते या धाग्यावर.

डबल_कटिंग | बुध, सकाळी ७.२०

रोज डॉकयार्ड रोडवरून जातो. धक्क्याच्या पाटीकडे बघायचं राहून जातं. धन्यवाद रेवसकर.

सुपारीफूल | बुध, दुपारी १२.३५

@रेवसकर, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि सकाळी आईकडे गेले. फोनवर विचारायचं नव्हतं. आई अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे तिचा जन्म त्यानंतरचा. तिला बोट बुडाली होती एवढं माहीत होतं, "कधीतरी, मोठी माणसं बोलायची." आजीशी त्याचा संबंध तिने कधी लावलाच नव्हता. मी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आई पोळ्या करत होती, गॅस बारीक केला आणि जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती गाठ हरवू नये म्हणून नव्हती."

मग आणखी एक आठवलं तिला. आजीची एक चुलत नणंद होती, काकी म्हणायचे, तिचा एकच फोटो घरात होता आणि तो आषाढात खाली उतरवून पुसायचे, त्या दिवशी घरात गोड नसायचं. सगळीकडे तळण चाललेलं असायचं आणि आमच्याकडे नुसता वरणभात, म्हणून आई लहानपणी रुसायची. काकी त्याच बोटीत होती का ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

आईने मला विचारलं, "तू कुठे बसली होतीस, आत का बाहेर?" बाहेर, म्हटलं. "बरं."

टिपकागद | बुध, दुपारी १.१०

रेवसकर, तिथीच्या पाऊणपटीबद्दल विशेष आभार. कारणही सुरेख आहे, चंद्र रोज साधारण पाऊण तास-पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊणपट म्हणजे दर तिथीला पंचेचाळीस मिनिटं. खगोलशास्त्राचं अख्खं पुस्तक एका गुणाकारात.

सुपारीफूल, आईंना नमस्कार सांगा.

आणि पुन्हा त्या बाजूला गेलात तर थळहून खांदेरीला जा. १६७९ साली महाराजांनी ते बेट बांधायला घेतलं, मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून अडवायचा आटोकाट प्रयत्न केला आणि तरी किल्ला उभा राहिला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत तो आहे. लहान होडी असते, वर दीपगृह आहे.

चटणीपोळी | बुध, दुपारी ३.०२

पोपटी न खाता परत आलात?? वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं करून जाळात. पोयनाडवरून दोनदा गेलात आणि दोनदा सोडलीत. बाकी सगळं माफ, हे नाही.

सुपारीफूल | बुध, दुपारी ३.२०

येताना थांबणार होतो पण ह्यांना घाटात अंधार व्हायच्या आत चढायचं होतं. तरीही अंधार झालाच, वडखळला पाऊण तास उभे होतो. तेवढ्यात पोपटी लागली असती आणि खाऊनही झाली असती.

पेठेतला_बंडू | बुध, सायं ६.१५

मी काल चेष्टा केली, पण आज दुपारी बायकोला हा धागा वाचून दाखवला आणि आता ती साइट उघडून बसलीय. ती विचारते, की गाडी बोटीत चढवताना बायकोने चालवली तर चालतं का, कारण माझ्यावर तिचा भरवसा नाही.

सुपारीफूल | बुध, सायं ६.३३

चालतं की, आमच्या शेजारची गाडी एका बाईंनीच लावली. आरसे मिटवायला त्यांना सांगावं पण लागलं नाही. आणि अलार्म बंद कसा ठेवायचा ते गाडीचं पुस्तक काढून आधी वाचून घ्या, आमच्या ह्यांनी सोमवारी वाचलं. पान ८७ वर होतं.

ह्यांना ती तिथीची पाऊणपट भयंकर आवडलीय. काल रात्री कालनिर्णय घेऊन बसले होते, वैशाखापर्यंतच्या सगळ्या रविवारांच्या भरत्या-ओहोट्या पेन्सिलने लिहून काढल्यात. पुण्यात. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. सिलिंडरच्या तारखेच्या खाली "ओहोटी ९.४५" असं लिहिलंय, आज कामवाली विचारत होती हे काय हो ताई, दूधवाल्याचं का.

मे महिन्यात बोटी बंद व्हायच्या आधी एकदा आईला घेऊन जायचं ठरतंय. ती म्हणतेय रो-रो नको, त्यात गाड्या असतात, मला माणसांची लाँच हवी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी. @रेवसकर, ती अजून सुटते ना? आईला चढता येईल का?

रेवसकर | बुध, रात्री १०.५०

सुटते. भरती-ओहोटीप्रमाणे वेळ बदलते, म्हणून तुमच्या भिंतीवरचा हिशोब उपयोगी पडेल. ओहोटीला फळी खाली जाते आणि चढणं अवघड होतं, त्यामुळे आईंना पाणी भरलेलं असतानाच्या लाँचला आणा. रेवसला मी असेन. आदल्या दिवशी इथे मेसेज टाका.

हिशोबनीस | बुध, रात्री ११.०५

खर्चाचं राहू द्या. निदान पांढऱ्या कांद्याची माळ केवढ्याला पडली ते तरी सांगा, इथे मंडईत भाव चढलाय.

सुपारीफूल | बुध, रात्री ११.१२

नाही सांगत. हे पण वाचतात आता हा धागा.